खोलीचं माप

घाटनांदूरच्या मन्मथअप्पांचा कान साऱ्या तालुक्याला ठाऊक होता. लग्नाच्या मांडवात पाचशे माणसं बोलत असली, तरी अप्पा दारातूनच सांगायचे, ‘‘डाव्या अंगाचा वरून दुसरा बॉक्स मेलाय, वायर बघा.’’ आणि ते तसंच निघायचं. बत्तीस वर्षं त्यांनी माईक-साउंडचा धंदा केला. यात्रा झाल्या, सभा झाल्या, लग्नांचा तर हिशेबच नाही. कुणी नवा साउंडवाला उभा राहिला, की पहिल्यांदा सामान लावून अप्पांना बोलवायचा. अप्पा मधोमध उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि ‘‘चालतंय’’ म्हणायचे. मग ते चालायचं. अप्पांनी नाही म्हणून मान हलवली, तर त्या माणसाला रात्रभर झोप लागायची नाही.

साठीच्या आसपास गुडघ्यांनी साथ सोडली. अप्पांनी धंदा पुतण्याच्या, संगमेशच्या हवाली केला आणि बायकोकडं एक खोली मागितली. बाहेरच्या अंगाची, अकरा बाय अकराची. तिथं शिवगंगाबाईंचं शिलाईमशीन होतं. ते बोळात आलं.

‘‘जन्मभर लोकासाठी वाजवलं,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आता माझ्यासाठी वाजवतो.’’

खोलीसाठी स्पीकरचे खोके बनवले धुळाजीनं. धुळाजी मांजरसुंब्याचा. हाडाचा सुतार, पण पंचवीस वर्षांपासून फक्त स्पीकरचे खोके करायचा. बीडपासून अंबाजोगाईपर्यंत जेवढे साउंडवाले, तेवढ्यांकडं त्याचे खोके. अप्पांची आणि त्याची जोडी होती. धुळाजी लाकूड कापायचा, अप्पा ऐकायचे, धुळाजी परत कापायचा. दोघांनी किती खोके असे वाजते केले त्याची गणती नव्हती. अप्पांच्या खोलीसाठी त्यानं दीड महिना खपून जुन्या सागवानाचे दोन खोके केले, स्वतः टेम्पोत बसून आणले, आणि अप्पांनी कपिलधारच्या यात्रेत खूप वर्षांपूर्वी स्वतः टिपलेलं भजन लावलं.

अप्पा ऐकत राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

खालचा आवाज घुमत होता. पखवाजावर थाप पडली की भिंती हुंकार भरायच्या. आणि वरचं काही येतच नव्हतं. झांजेला धार नव्हती. गाणाऱ्यांच्या तोंडावर कुणी गोधडी टाकावी तसे शब्द येत होते.

‘‘वर काय न्हाई बे,’’ अप्पा म्हणाले.

धुळाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. ‘‘हाय की.’’

‘‘न्हाई. मला सांगायलास का?’’

तिथून ते सुरू झालं. अप्पांनी पडदे लावले, काढले. भिंतीला गाद्या उभ्या केल्या. अंड्यांचे ट्रे आणून चिकटवले, तेव्हा लिंगायताच्या घरात अंड्यांचे ट्रे म्हणून शिवगंगाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी खिडकी विटांनी बुजवली. धुळाजी तीनदा एसटीनं हत्यारांची पिशवी घेऊन आला. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, ट्विटर, त्यानं बदलला, मग त्याहून चांगला आणून बसवला. तिसऱ्या खेपेला त्यानं खोका उघडून बराच वेळ काहीबाही लावून पाहिलं, परत बंद केला आणि फरशीवर तसाच बसून राहिला.

‘‘मन्मथ, खोका बरोबर हाय,’’ तो म्हणाला.

‘‘मग खोटा कोण? मी?’’

‘‘तसं कुठं म्हणलो मी.’’ धुळाजीनं हत्यारं गोळा केली आणि चहा न घेता निघाला.

महिनाभरानं संगमेशच्या एका मोठ्या कामासाठी अप्पा बीडला चालले होते. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर पाच-सहा साउंडवाले भेटले. त्यांतल्या विजयसिंहनं सहज विचारलं, ‘‘अप्पा, धुळाजीमामानं घरचे खोके लई भारी केलते म्हणं?’’

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. ‘‘धुळाजीचा हात गेला बे. मुका खोका करायलाय तो.’’

रागानं म्हणाले असते, तर लोकांनी दोघांचं भांडण म्हणून सोडून दिलं असतं. ते हळहळून म्हणाले, आणि म्हणून ते सगळ्यांना पटलं.

त्यानंतर दोन वर्षं अप्पा आणि धुळाजी एकमेकांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला कावेरी आली. अप्पांची एकुलती एक मुलगी, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत होती. खिडकी बुजवली, आई दिवसासुद्धा त्या खोलीत दिवा लावून झाडते, हे सगळं तिला फोनवर कळलं होतं. तिच्या बॅगेतून लॅपटॉप, पेन्सिलीएवढा एक माईक, एक स्टँड आणि डब्याच्या झाकणाएवढी एक काळी पेटी निघाली.

‘‘अप्पा, तुमची खोली मोजू या.’’

‘‘अकरा बाय अकरा. मोजलेलीच हाय.’’

‘‘टेपनं नाही, आवाजानं.’’ कावेरी त्यांच्याजवळ बसली. ‘‘हे बघा, आपण नुसता स्पीकर कधीच ऐकत नाही. भिंती, स्लॅब, फरशी, सगळी खोली त्यात आपलं काहीतरी मिसळते. त्यात तुमची खोली चौरस. खालचे काही सूर दोन भिंतींत अडकून फुगतात, काही मरतात. आपण खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवायचे आणि तुमच्या खुर्चीच्या जागी हा माईक ठेवायचा. खोलीनं काय वाढवलं, काय खाल्लं ते कळतं. मग ही पेटी गाणं स्पीकरकडं जायच्या आधीच त्याच्या उलट करते. जे फुगणार ते आधीच कमी करून पाठवते.’’

‘‘म्हणजे मांडवात मी जे कानानं करायचो, ते.’’

‘‘तेच. फक्त शंभरपट बारीक.’’

अप्पा पुष्कळ दिवसांनी हसले. त्यांना हे फार आवडलं. सबंध दुपारभर ते माईक कुठं ठेवायचा, किती उंचीवर ठेवायचा हे विचारत राहिले. आता एकदाचं कळणार होतं. पडद्यावरच्या तक्त्यात येणार होतं. धुळाजीला बोलावून दाखवता येणार होतं, की हे बघ, वरचा आवाज इथं पडलाय, तुझ्या खोक्यात.

कावेरीनं पंखा बंद केला, दार लोटलं. ‘‘आता कुणी बोलायचं नाही,’’ ती म्हणाली आणि बटण दाबलं.

आधी जमिनीतून आल्यासारखी गुरगुर आली. फडताळातल्या काचा थरथरल्या. मग तो सूर चढत गेला. बैलाच्या हंबरण्यासारखा, मग माणसाच्या आवाजासारखा, मग शिट्टीसारखा. शिट्टी बारीक होत होत विरली.

‘‘झालं?’’ अप्पा म्हणाले. ‘‘दाखव काय आलं ते.’’

कावेरीचं बोट ओठांवर होतं. दाराशी शिवगंगाबाई दोन्ही कानांवर तळवे दाबून, डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतले.

‘‘किती कोकललं गं ते शेवटाला! कानात सुई घातल्यागत.’’

‘‘परत घ्यावं लागेल, अप्पा,’’ कावेरी म्हणाली. ‘‘तुम्ही मध्येच बोललात.’’

‘‘मध्ये कुठं? संपलतं की.’’

‘‘नव्हतं संपलं.’’

दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा अप्पा लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत बसले. सुराबरोबर एक आकडा वाढत होता. शिट्टी विरली. खोली शांत झाली. आकडा मात्र पळतच होता, आणि शिवगंगाबाईंचे तळवे पुन्हा कानांवर गेले होते. अप्पा हलले नाहीत. आकडा थांबला तेव्हा कावेरीनं मान वर केली, पण तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

पडद्यावर आवाजाच्या रेघेचा तक्ता आला. खालच्या बाजूला डोंगरासारखा एक उंचवटा होता, त्याच्या शेजारी खड्डा. ‘‘हा घुमतो तो आवाज,’’ कावेरी सांगू लागली. ‘‘ही तुमची चौरस खोली. हे आपण काढून टाकू.’’

‘‘आणि वरचं?’’

त्या बाजूला रेघ सरळ होती. उताराच्या रस्त्यासारखी जराशी खाली येत गेलेली, कुठं खाच नाही, कुठं तुटलेली नाही.

‘‘वरचं चांगलं आहे, अप्पा. अगदी चांगलं आहे. धुळाजीकाकांनी...’’ ती थांबली.

तिनं माईक खुर्चीच्या आजूबाजूला सरकवून आणखी आठ मापं घेतली, पेटीत ती दुरुस्ती भरली आणि कपिलधारचं भजन लावलं.

शिवगंगाबाई या खोलीत कधी बसल्या नव्हत्या. त्या दाराशी उभ्या होत्या, त्या आत आल्या आणि हळूच फरशीवर बसल्या. ‘‘अगं बाई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘कोन हाय गं मागं? बांगड्या वाजायल्यात बघ. आन् झांज बघ, त्या कोपऱ्यात कुणी बसलंय जनू.’’ त्यांचे डोळे भरले. नवऱ्यानं बत्तीस वर्षं काय केलं, ते त्यांना जणू त्या दिवशी समजलं.

अप्पाही ऐकत होते. भिंतींचा हुंकार गेला होता. खोलीनं मूठ सोडावी तसं झालं होतं. पखवाजाची एकेक थाप वेगळी आली. ते सगळं त्यांना कळलं. पण बांगड्या नव्हत्या. कोपऱ्यात झांज घेऊन कुणी बसलं नव्हतं. घुमणारा आवाज गेला आणि त्यांच्यासाठी मागं उरलं ते किती थोडं होतं, हे उघडं पडलं. एवढे दिवस त्या गोंगाटानं ते झाकून ठेवलं होतं.

‘‘माईक खोटा हाय,’’ अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मापं घ्यायला लावली. तिसऱ्या दिवशी परत. रेघ तीच येत होती. कावेरीनं माईकबरोबर आलेला कारखान्याचा तक्ता दाखवला, आपल्या फोनवर वेगळ्या तऱ्हेनं मोजून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, ‘‘अप्पा, मी एकेक सूर वाजवते. ऐकू आला की हात वर करा.’’

‘‘मी काय शाळेतलं पोर हाय का?’’ अप्पा उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. तिच्याकडं पाठ करून.

हात वर गेला. परत गेला. चार-पाच वेळा गेला. मग तो मांडीवरच राहिला. अप्पा वाट बघत होते. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तो त्यांना ऐकू आला, तो गेला तेही कळलं.

‘‘लाव की गं,’’ ते म्हणाले.

उत्तर आलं नाही म्हणून ते वळले. कावेरी रडत होती. बटणावरचं बोट तसंच होतं.

‘‘कुठपतूर आलो?’’ अप्पांनी विचारलं.

तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. ते अर्ध्याच्याही पुढं गेलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बंद काचेच्या खोलीत बसवून तेच केलं आणि तेच सांगितलं. आतली नस मेली होती. मोठ्या आवाजाजवळ जन्म काढणाऱ्यांचं असंच होतं. परत येत नाही. कानाला मशीन लावलं तर समोरच्याचं बोलणं बरं कळेल.

‘‘आन् गानं?’’ अप्पांनी विचारलं.

बाईंनी कागद मिटला. ‘‘गाण्याची फार आशा धरू नका, काका.’’

‘‘कदी गेलं असंल हे?’’

‘‘एका दिवसात जात नाही. दहा-बारा वर्षं हळूहळू गेलं असेल. माणसाला स्वतःला कळत नाही. त्याला वाटतं, लोकच पुटपुटतायत.’’

येताना रिक्षात अप्पा मनातल्या मनात वर्षं मोजत होते. दहा-बारा वर्षं. म्हणजे धंदा सोडायच्या कितीतरी आधीपासून. त्यांना पाली गावातलं एक लग्न आठवलं. मुलीचा बाप मोहनराव हात जोडून आला होता. ‘‘अप्पा, आवाज टोचायलाय. बायका उठून चालल्यात.’’ तेव्हा अप्पांनी मिक्सरवरून मान वर न करता विचारलं होतं, ‘‘तुमाला कळतं का मला?’’ आणि बारीक आवाज आणखी चढवला होता, कारण त्यांना तो कमी वाटत होता. अशा कितीतरी जागा होत्या. कितीतरी मांडवांत लोकांनी कानावर हात ठेवले असतील. कितीतरी पोरांचं सामान त्यांनी न्हाई म्हणून परत पाठवलं होतं. एकानं तर त्यानंतर धंदाच बंद करून पिठाची गिरणी टाकली. त्याचं नावही आता आठवत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी कावेरीनं अजून एक करून पाहिलं. डॉक्टरांचा कागद समोर ठेवून ती म्हणाली, ‘‘खोलीसाठी केलं तसंच कानासाठी करू. तुम्हाला जे कमी येतं ते पेटीतूनच वाढवून पाठवू.’’

अप्पांच्या चेहऱ्यावर उजेड आला. ते ताठ बसले.

भजन लागलं. काहीतरी आलं खरं. जिथं झांज असायला हवी तिथं पत्रा फरशीवर ओढावा तसा खरखराट आला. सूर नव्हता, नाद नव्हता. शब्दांच्या कडांना नुसते ओरखडे होते. ‘‘वाढव अजून,’’ अप्पा म्हणाले. तिनं वाढवलं. ‘‘अजून.’’ ओरखडे मोठे झाले, झांज झाली नाही. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा शिवगंगाबाई खोलीत नव्हत्या. त्या अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या होत्या, पदर कानावर दाबून. कावेरीनं कानात कापसाचे बोळे घातले होते आणि ती त्यांच्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत होती.

‘‘बंद कर,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तुज्या आईला चांगलं वाटलतं, ते ठेव.’’

आठवड्यानं ते एकटेच मांजरसुंब्याला गेले. कानात नवं मशीन होतं. एसटीच्या पत्र्याचा आवाज त्यातून इतका मोठा यायचा, की केज यायच्या आतच त्यांनी ते काढून खिशात टाकलं होतं. धुळाजीच्या दारात ते परत घातलं.

बाहेरची शेड रिकामी होती. लाकडाचा भुसा नव्हता, रंधा नव्हता. एका कोपऱ्यात शेणाच्या गोवऱ्या रचल्या होत्या. धुळाजीची बायको भिवराबाई बाहेर आली, त्यांना पाहून थांबली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून कट्ट्यावर ठेवलं. बसा म्हणाली नाही.

‘‘कामावं गेलेत. प्लायवूडच्या दुकानात,’’ ती म्हणाली. ‘‘लोक चिठ्ठीवर माप देत्येत, ते कापून देत्येत.’’

‘‘खोके?’’

‘‘कोन घेतंय, अप्पा? तुमी म्हणलावता ना, हात गेला म्हणून.’’ ती हे शांतपणे म्हणाली. ‘‘वरीसभर वाट बघितली. मग हत्यारं इकली.’’

धुळाजी दुकानाच्या मागच्या अंगाला होता. करवतीचं यंत्र चालू होतं. अप्पांना पाहून त्यानं ते बंद केलं, हात झटकले आणि लाकडाच्या गठ्ठ्यावर बसला. त्याच्या पापण्यांवर भुसा होता. अप्पा त्याच्या शेजारी टेकले.

‘‘माझे कान गेलेत, धुळाजी,’’ अप्पा म्हणाले. ‘‘खोका बरोबर होता. पोरीनं मापून दाखवलं. रेघ अशी सरळ आली.’’

‘‘मला ठावं हाय.’’

‘‘कावेरीनं सांगितलं का?’’

‘‘न्हाई. तिसऱ्यांदा आलतो बघ. मी मोठ्या स्पीकरची वायर काढून नुसता ट्विटर लावलता. बारीक सूर चालू होता, मला बसवत नव्हतं तिथं. आन् तू मला म्हणलास, लाव की बे, कावून थांबलास?’’

अप्पा त्याच्याकडं वळले. ‘‘तवाच कळलतं तुला?’’

‘‘तवाच.’’

‘‘मग सांगितलं का न्हाईस?’’

धुळाजीनं हातातल्या फळकुटावरून अंगठा फिरवला. ‘‘काय सांगू? तुज्याजवळ दुसरं काय होतं? कान होता. मी म्हणलो, खोक्याला नावं ठेवून त्याचं चालतंय तर चालू द्या. एक खोका वाईट झाला तर काय बिगडतंय. घरातल्या घरात म्हणशील, मला दोन शिव्या देशील, एवढंच वाटलतं मला. तू जाऊन चार लोकात म्हणशील, असं न्हाई वाटलं.’’

अप्पा गठ्ठ्यावरून उठले आणि त्याचे पाय धरायला वाकले. गुडघा वळला नाही. धुळाजीनं त्यांना दंडाला धरून उभं केलं, पण लगेच हात सोडला.

‘‘मी सांगतो सगळ्यांना,’’ अप्पा म्हणाले. ‘‘आत्ता जाऊन सांगतो. धुळाजीचा हात गेलेला न्हाई म्हणून.’’

‘‘सांग की.’’ धुळाजीनं यंत्राच्या बटणावर हात ठेवला. ‘‘पर माज्यासाठी सांगू नको, मन्मथ. मी आता खोका करनार न्हाई. दोन वर्सं मलाबी वाटत ऱ्हायलं, का खरंच माजा हात गेला असंल. ठावं असूनबी वाटायचं. तू म्हणलावतास ना.’’ त्यानं बटण दाबलं. कानातल्या मशीनमधून करवतीचा आवाज अप्पांच्या डोक्यात असा घुसला, की त्यांना डोकं धरावं लागलं. धुळाजीनं आणखी काही म्हटलं असेल तर ते त्यांना कळलं नाही.

ढाब्यावर दुपारच्या वेळी विजयसिंह आणि दोघं-तिघं बसलेले होते. विजयसिंहचा आता मोठा डीजेचा ट्रक झाला होता. अप्पांना पाहून सगळे उठले, पाया पडले, खुर्ची दिली. अप्पा बसले नाहीत.

‘‘ऐका रे,’’ ते म्हणाले. ‘‘दोन वर्सांमागं मी इथं म्हणलो, धुळाजीचा हात गेला. ते खोटं हाय. त्याचा खोका चांगला होता. माझे कान गेलते. दहा वर्सांपासून गेलेत. तुमचं कुणाचं सामान मी न्हाई म्हणलो असलो, तर तेबी खोटंच समजा.’’

पोरं एकमेकांकडं बघू लागली.

‘‘राहू द्या, अप्पा,’’ विजयसिंह शेवटी म्हणाला. ‘‘आता लाकडाचे खोके बनवून कोण घेतंय? सगळं रेडिमेड येतंय. मामा तसेबी बसलेच असते घरी.’’ त्यानं बाजूच्या पोराकडं बघून आणखी काहीतरी म्हटलं, खालच्या आवाजात. टेबलावर हशा पिकला.

अप्पाही हसले. सगळे हसतात म्हणून हसले. हसता हसता त्यांना दिसलं, की टेबलं पुसणारी वच्छलाबाई फडकं हातात घेऊन उभी आहे, हसत नाही, आणि त्यांच्याकडं फार वाईट वाटून बघतेय. तेव्हा त्यांनी तोंड मिटलं.

अंबाजोगाईची गाडी लागलेली होती. खिडकीशी जागा मिळाली. पत्रे वाजू लागले तसं त्यांनी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मांडीवर ठेवलं. गाडी केजच्या रस्त्याला लागली. कंडक्टर जवळ येऊन उभा राहिला, त्यानं काहीतरी विचारलं. अप्पांनी त्याच्या ओठांकडं पाहिलं.

‘‘घाटनांदूर,’’ ते म्हणाले.

कंडक्टरनं नाही म्हणून मान हलवली आणि तेच परत विचारलं, जरा मोठ्यानं. पुढच्या बाकावरची बाई वळून बघू लागली.

‘‘घाटनांदूर,’’ अप्पा परत म्हणाले.